क्रियापदाला खुर्ची नसते

रविवारच्या इंग्रजी पेपरातली लग्नाच्या जाहिरातींची पुरवणी काका सगळ्यांत आधी हातात घेत. घरात लग्नाचं कोणी नव्हतं. मुलाचं झालेलं होतं, नात दुसरीत होती. तरी काका चष्मा नाकावर ओढून एकेका जाहिरातीवर पेन्सिलीने खुणा करत आणि आम्ही जमलो की ती पुरवणी आमच्यापुढे धरत.

"हा विशेषणांचा घाऊक बाजार," ते म्हणायचे. "बघा. फेअर, स्लिम, होमली, कल्चर्ड, कॉन्व्हेंट-एज्युकेटेड. एवढ्या ओळींत मुलगी करते काय? क्रियापद शोधून दाखवा."

आम्ही शोधायचो. शेवटी कुठेतरी कोपऱ्यात 'काँटॅक्ट' सापडायचं.

"तेसुद्धा बापाने करायचं," काका म्हणायचे आणि पुरवणीची घडी घालून मांडीखाली ठेवून द्यायचे.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. क्वार्टर मुलाच्या नावावर होतं. काका स्वतः केंद्र सरकारातून प्रायव्हेट सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे एका साहेबासमोरून दुसऱ्या साहेबासमोर बसत, त्यांनी सांगितलेलं इंग्रजी लघुलिपीत उतरवून घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. हात अजून थांबलेला नव्हता. समोर कोणीही बोलू लागलं की त्यांचं उजव्या हाताचं बोट मांडीवर हळूहळू हलायला लागायचं. भाजीवाला बोलला तरी हलायचं, माझी मुलगी मनू शाळेतलं काही सांगू लागली तरी हलायचं.

भाजीवाल्याशीही त्यांचं पटत नसे. त्याने "बिल्कुल ताज़ा है, बाबूजी" म्हटलं की काका म्हणत, "ये तो विशेषण हुआ, भाई. तोड़ी कब?" भाजीवाला आमच्याकडे बघायचा. मी म्हणायची, "बता दो भैया, नहीं तो शाम हो जाएगी."

रविवारी सकाळी ते कॉलनीतल्या मराठी बायकांना इंग्रजी शिकवत. त्या वर्षांत दिल्लीची हवाच बदलली होती. परदेशी कंपन्या येऊ लागल्या होत्या, गुडगावच्या बाजूला कचेऱ्या उघडत होत्या, आणि नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत 'फ्लुएंट इंग्लिश' हे दोन शब्द असत. आमचं इंग्रजी पदवी मिळण्यापुरतं होतं. वाचता यायचं. बोलायची वेळ आली की आम्ही एकमेकींना पुढे ढकलायचो.

काकांनी व्याकरणाचं पुस्तक कधी उघडलं नाही. त्यांनी बैठकीच्या खोलीत जागा ठरवून दिल्या होत्या. सरकारी लिलावातून आणलेली हातांची मोठी खुर्ची होती, ती नामाची. तिच्या शेजारी लागून एक स्टूल, ते विशेषणाचं. खोलीच्या मधोमध मोकळी फरशी, तिथे क्रियापदाने उभं राहायचं. आणि क्रियापदाच्या मागे, त्याच्या पाठीला हात लावून, क्रियाविशेषणाने.

"काका, क्रियापदाला बसायला काहीच नाही?" पहिल्याच दिवशी मी विचारलं.

"क्रियापदाला खुर्ची नसते, बाई. काम करणारा बसत नाही. बसला की त्याचं नाम होतं."

मग शब्द सुटायचा. 'डिसाइड' म्हटलं की फरशीवर उभं राहायचं. 'डिसिजन' म्हटलं की जाऊन मोठ्या खुर्चीत बसायचं. 'डिसाइसिव्ह'ला स्टुलावर यायचं, 'डिसाइसिव्हली'ला उठून कोणाच्या तरी पाठीशी जायचं. आम्ही सहा-सातजणी साड्या सावरत त्या खोलीत फिरायचो. खालच्या मजल्यावर आमच्याच घरी धपधप ऐकू यायचं आणि मनू तिच्या बाबांना सांगायची, "आई अंग्रेज़ी करतेय."

आमच्यात शेखवहिनी होत्या. मिरजेच्या, मिस्टर डाक खात्यात. अंगाने भरलेल्या आणि तोंडाने मोकळ्या. त्या आल्या आल्या मोठ्या खुर्चीत बसत.

"काका, मला नामच राहू द्या. माझे गुडघे क्रियापदाचे नाहीत."

"उठा."

"बरं, निदान स्टूल?"

"विशेषण दुसऱ्याच्या वशिल्यावर जगतं, वहिनी. स्टूल खुर्चीला चिकटून ठेवलंय ते उगाच नाही. तुम्हाला वशिल्यावर जगायचंय?"

"मिस्टरांच्या वशिल्यावरच तर दिल्ली पाहिली," वहिनी म्हणायच्या आणि उठायच्या.

क्रियाविशेषणाला काका फायलीवरची लाल चिठ्ठी म्हणत. "'अर्जंट' लिहिलेली चिठ्ठी असते ना, तशी. फाइल हलली तर चिठ्ठीला अर्थ. फाइल पडूनच राहिली तर नुसता रंगीत कागद." नुसतं 'ली' लावून काम भागतं असं आम्ही समजू लागलो तेव्हा त्यांनी शेखवहिनींना उभं करून विचारलं, "तुमचे मिस्टर कसे काम करतात?" वहिनी अभिमानाने म्हणाल्या, "ही वर्क्स हार्डली." काका म्हणाले, "बसा. डाक खात्याला कळवावं लागेल." 'फास्ट'वर त्यांचा विशेष लोभ होता. ते विशेषणही तेच, क्रियाविशेषणही तेच. "हा गृहस्थ एकाच सदऱ्यात ऑफिसलाही जातो आणि लग्नालाही," काका म्हणायचे. "असे थोडे असतात. त्यांना ओळखून ठेवा, कपडे बदलायला लावू नका."

आणि सरकारी इंग्रजीवर त्यांचा राग होता. त्यावरच त्यांचं पोट चाललं होतं, म्हणून जास्तच. "तिथे कोणी काही करतच नाही. 'अ डिसिजन हॅज बीन टेकन.' कोणी घेतला? खुर्चीने. खुर्चीला विचारा. ती म्हणते, मी नाही, माझ्याआधीच्या खुर्चीने."

आम्ही हसायचो. पण मी तिथे हसायला जात नव्हते.

माझ्या यजमानांचं ऑफिस आयात परवान्यांचं होतं. परवाने संपत चालले, तसं ऑफिसही. एके दिवशी त्यांच्यासकट अख्खा विभाग 'सरप्लस' झाला. सरप्लस म्हणजे नोकरी आहे, पगार आहे, काम नाही. नवा आदेश निघेल तिथे जायचं. तो देशात कुठलाही असू शकतो. तोवर एका हॉलमध्ये सगळ्यांनी सकाळी येऊन संध्याकाळी जायचं. हे रोज डबा घेऊन जात आणि रोज तोच पेपर अथपासून इतिपर्यंत वाचून येत. लग्नानंतर आमचं बिऱ्हाड तीन गावं हललं होतं. मनूला दर वेळी नवी शाळा, नवी लिपी, नव्या मैत्रिणी. आता तिला मराठीतला 'पायरी' हा शब्द आठवत नव्हता, ती 'सीढ़ी' म्हणायची, आणि यापुढे आणखी कुठल्या भाषेत काय म्हणेल याचा नेम नव्हता. मी ठरवलं होतं की या वेळी घर हलणार नाही. त्यासाठी आदेश निघायच्या आत मला दिल्लीत नोकरी मिळवायची होती. यांना मी तसं स्पष्ट सांगितलं होतं: "मिळाली तर मी आणि मनू इथे राहू."

"मिळू दे, मग बघू," हे म्हणाले होते.

पहिली मुलाखत कनॉट प्लेसच्या एका कचेरीत झाली. काळ्या काचेच्या दारामागे एक तरुण मुलगा आणि एक बाई बसल्या होत्या. मुलाने विचारलं, "टेल अस अबाउट युवरसेल्फ." हा प्रश्न मला सोपा वाटला. आमच्या कॉलनीत नवीन माणूस आला की हेच विचारतात आणि उत्तर ठरलेलं असतं. मी सांगितलं, माझे मिस्टर असिस्टंट आहेत, अमुक मिनिस्ट्रीत, आम्ही लक्ष्मीबाई नगरला टाइप टूमध्ये असतो, फर्स्ट ब्लॉक, ग्राउंड फ्लोअर.

"ॲण्ड यू?" बाईंनी विचारलं.

"वी हॅव वन डॉटर," मी म्हटलं.

 मग त्यांनी पाणी हवं का विचारलं.

रविवारी मी हे सगळं काकांना सांगितलं. शेखवहिनी म्हणाल्या, "चूक काय त्यात? मीही हेच सांगितलं असतं. टाइप थ्री म्हटलं असतं फक्त." बाकीच्याही माना डोलवत होत्या. खरंच होतं. आमच्या जिन्यात कोणीही स्वतःबद्दल दुसरं काही सांगितलं नसतं. नवऱ्याची मिनिस्ट्री, हुद्द्याप्रमाणे मिळणाऱ्या क्वार्टरचा टाइप, मजला, मुलं. तेवढ्यात माणूस कळत असे.

काकांचं बोट मांडीवर थांबलं. ते रागावले नाहीत.

"बाई, आजपासून तुम्ही बसायचं नाही," ते म्हणाले. "स्वतःबद्दल एकही नाम काढायचं नाही. मिसेस नाही, मदर नाही, हाउसवाइफ नाही. तुम्ही काय करता तेवढं सांगायचं. सांगून झालं की बसा."

मला वाटलं पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी मी तास संपेपर्यंत उभी राहिले आणि तोंडातून 'आय कुक' आणि 'आय क्लीन' याखेरीज काही निघालं नाही. पुढच्या रविवारी तसंच. "काका, तिला निदान भिंतीला टेकू द्या," शेखवहिनी म्हणाल्या. काकांनी मान हलवली. नाही.

तिसऱ्या रविवारी मी चिडले. मी सकाळपासून नळाच्या मागे होते. कॉलनीत नळ गळला, वीज गेली, संडास तुंबला, की 'इन्क्वायरी' नावाच्या कचेरीत जाऊन तक्रार लिहायची असते. लिहून काही होत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारावं लागतं, तिसऱ्या दिवशी नाव विचारावं लागतं, चौथ्या दिवशी प्लंबर चहाला कुठल्या टपरीवर बसतो ते माहीत असावं लागतं. आमच्या ब्लॉकच्या सगळ्या तक्रारी मीच नेत असे, कारण कुठली कधी दिली, कोणी काय सांगितलं, हे माझ्याकडे टिपलेलं असे. त्या दिवशी मी तशीच वर आले आणि काकांनी 'बोला' म्हणताच मी बोलले. मोडक्या इंग्रजीत, पण सुटले. आय कम्प्लेन. आय आस्क. आय गो अगेन. आय नोट द नेम. आय वेट. आय डू नॉट लीव्ह. आय गेट द वॉटर.



"बसा," काका म्हणाले.

मी म्हटलं, "नको, ठीक आहे."

काकांनी एकदा आमची सहल काढली. विशेषणांची सहल, असं त्यांनीच नाव दिलं. धौला कुआंवरून बस पकडून आम्ही गुडगावला गेलो. तेव्हा तिथे आजचं काही नव्हतं. लाल माती, किकरीची, म्हणजे बाभळीची, झुडपं, मधूनच एखादी म्हैस, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांच्या जाहिरातींचे अवाढव्य फलक. लक्झुरियस. स्पेशियस. एक्सक्लुझिव्ह. फलकावर कारंजी, हिरवळ, गोरी मुलं. फलकामागे खड्डा.

"बघितलंत?" काका धुळीत उभे राहून हातरुमालाने चष्मा पुसत म्हणाले. "विशेषणं येऊन पोचली. नाम अजून यायचंय. आणि क्रियापद," त्यांनी खड्ड्यात उतरून घमेली उचलणाऱ्या बायांकडे बोट केलं, "ते नेहमीसारखं कामाला लागलंय."

आम्हाला जवळून बघायचं होतं म्हणून आम्ही फाटकापाशी गेलो. तिथे खाकी कपड्यातला चौकीदार होता. एवढ्या बायका आणि पुढे एक म्हातारा पाहून तो उठला.

"किधर? आप कौन हैं?"

काका ताठ झाले. कोटाची कॉलर सारखी केली. आणि म्हणाले, "रिटायर्ड प्रायव्हेट सेक्रेटरी, गव्हर्नमेंट ऑफ इंडिया."

चौकीदाराने सलाम ठोकला आणि फाटक उघडलं.

"काका!" शेखवहिनी मागून ओरडल्या. "बसलात की खुर्चीवर!"

सगळ्याजणी खो-खो हसल्या. काकाही हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. उघडलेल्या फाटकातून आत न जाता वळले आणि बसथांब्याकडे चालू लागले. परतीच्या बसमध्ये जागा होती. मी म्हटलं, "काका, या ना, इथे." ते दांडा धरून उभे राहिले ते उतरेपर्यंत. वाईट वाटून मी उठले आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"'आय हॅव डिसायडेड' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, बाई," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "साहेब सांगायचे, मी घ्यायचो. एकदाही माझं नव्हतं."

 काकूंना मी पाहिलं नव्हतं. त्या आम्ही यायच्या आधीच गेल्या होत्या. म्हणून मी विचारलं, "काकू काय करायच्या?"

"सतार वाजवायच्या," काका म्हणाले. "रेडिओवर बोलावणं आलं होतं. त्याच महिन्यात साहेबांची बदली सिमल्याला झाली. साहेबांबरोबर मी. सतार ट्रंकेत मावेना."

बस कुठल्याशा फाटकाशी थांबली. काकांनी दांड्यावरचा हात बदलला. "'प्रिफर' घ्या," ते म्हणाले. "चारही शब्द सांगा."

मी सांगितले. बाजूचा सरदारजी कौतुकाने ऐकत होता.

आमच्या जिन्यात टेलिफोन फक्त काकांकडे होता. मुलाने नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर आलेला. काका त्याच्या वाटेला जात नसत. वाजला की सुनेला हाक मारत आणि ती घरात नसेल तर तो वाजू देत. मी एकदा म्हटलं, "काका, तुम्ही आम्हाला शिकवता आणि स्वतः उचलत नाही?"

"पलीकडे कोणी इंग्रजी बोललं तर?"

"तर तुम्हीही बोला."

"मी इंग्रजी बोलत नाही, बाई. मी इंग्रजी घेतो." हे त्यांनी एवढ्या सरळपणे सांगितलं की मला पुढे थट्टा करवेना. खरंच, इतक्या महिन्यांत सुटे शब्द आणि फायलीतली वाक्यं सोडली तर त्यांनी स्वतःचं असं एक इंग्रजी वाक्य आमच्यासमोर उच्चारलेलं मला आठवत नव्हतं.

दुसरी मुलाखत गुडगावलाच होती. कपडे धुण्याची यंत्रं विकणारी परदेशी कंपनी होती आणि त्यांना ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून निकालात काढणारी माणसं हवी होती. अर्जात मी काकांचाच फोन नंबर दिला होता. मला नेमकं 'टेल अस अबाउट युवरसेल्फ' विचारलं गेलं. मी यांची मिनिस्ट्री सांगितली नाही. आय कम्प्लेन, मी म्हटलं. समोरचे गृहस्थ दचकले. मग मी इन्क्वायरीचं सगळं सांगितलं. नळ, प्लंबर, चहाची टपरी. म्हटलं, इतकी वर्षं मी तक्रार करणारी बाई आहे. तिला गोड बोलणं नको असतं. माणूस कधी येणार आणि त्याचं नाव काय, एवढंच हवं असतं. ते मी सांगेन, आणि तो आला का ते दुसऱ्या दिवशी विचारेन. इंग्रजी अडखळत होतं. त्यांनी हसत हसत एका चिडलेल्या गिऱ्हाइकाची नक्कल केली, मी त्याला नाव आणि दिवस दिला. "या आठवड्यात फोन करू," ते म्हणाले.

त्या आठवड्यात आधी आदेश आला. कांडला, गुजरातेतलं बंदर.

आमच्या कॉलनीत एक रीत आहे. बदलीचा आदेश निघाला की शेजारी विचारपूस करायला येत नाहीत, खोकी घेऊन येतात. कोणी सुतळी आणतं, कोणी जुने पेपर, कोणी रात्रीच्या भाजीचं पातेलं. घरच्या बाईला काही करू देत नाहीत. प्रत्येकीवर कधी ना कधी ही पाळी आलेली असते, त्यामुळे कोणाला काही सांगावं लागत नाही. कपबश्या कागदात, डाळी उशीच्या अभ्र्यांत, तवे सगळ्यांत खाली. मी इन्क्वायरीतून घरी आले तेव्हा माझं अर्धं स्वयंपाकघर बांधून झालं होतं. मनू रिकाम्या फडताळापुढे उभी होती. हे आदेश हातात घेऊन खाटेवर बसले होते. शेजारणी प्रेमाने, भराभर, माझं घर उचलत होत्या आणि मी 'थांबा' म्हणायला तोंड उघडत होते, पण कशाच्या जोरावर म्हणणार? फोन आलेला नव्हता.

"समुद्र आहे म्हणे तिकडे," एक शेजारीण म्हणाली. "मनूला मज्जा."

"मला नको समंदर," मनू म्हणाली.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून हाक आली. एवढ्या मोठ्या आवाजात मी काकांना कधी ऐकलं नव्हतं.

"बाई! फोन! गुडगाव!"

आणि गॅलरीचं दार आपटलं. ते परत आत गेले होते. म्हणजे सून घरात नव्हती आणि फोन काकांनी उचलला होता.

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. हे उभे राहिले.

"अगं, पण आता माझी हजर व्हायची तारीख आलीय," हे म्हणाले.

"तुमची आलीय. माझी वर फोनवर आहे."

"आणि क्वार्टर?"

"शाळेचं वर्ष संपेपर्यंत ठेवता येतं. मी इस्टेट ऑफिसात जाऊन विचारून आलेय. पुढे गुडगावला खोली बघू."

"कधी विचारून आलीस?"

"पहिल्या मुलाखतीच्या आधी."

यांनी आदेशाकडे बघितलं, मग मनूकडे. मनूने दोन्ही हातांनी फडताळाची कड धरून ठेवली होती.

"मी तिकडे एकटा खाणार काय?"

"वरण-भात येतो तुम्हाला. पोळ्या शिकाल."

"शिकेन," हे म्हणाले. "जा लवकर. त्या म्हाताऱ्याला फोनपाशी एकटं काय ठेवलंयस?"

मी जिना चढले. काकांचं दार सताड उघडं होतं. काका फोनच्या तिपाईपाशी उभे होते, ताठ, साहेबासमोर उभं राहावं तसे. रिसीव्हर दोन्ही हातांत धरला होता. कपाळावर घाम. समोर कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. मी उंबऱ्यापाशी पोचले तेव्हा ते बोलत होते, एकेक शब्द पाऊल टाकल्यासारखा टाकत.

"शी इज कमिंग, मॅडम. प्लीज डू नॉट गो. शी इज कमिंग. शी इज... शी इज रनिंग."

त्यांनी मला पाहिलं आणि रिसीव्हर पुढे केला. माझ्या हातात नीट येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

पलीकडच्या मुलीने विचारलं, सोमवारी रुजू होऊ शकाल का.

"येस," मी म्हटलं. "आय विल कम."

खाली आले तेव्हा कोणी कुठे हललेलं नव्हतं. शेखवहिनी एका भरलेल्या खोक्यावर बसून होत्या, सुतळीचं एक टोक दातात, एक हातात. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी दातातलं टोक काढलं.

"काय गं, बांधू की सोडू?"

"यांचं बांधा," मी म्हटलं. "आमच्या दोघींचं सोडा. कढई आधी काढा, तिन्हीसांजा झाल्यात, जेवायला लागेल."